तडा असेल तर वाजायला हवं

नवतपा लागला की आमच्या झाशीत माणसं कमी बोलतात. सूर्य रोहिणीत जातो तेव्हाचे हे नऊ दिवस. मे महिना संपायला आला की ते येतात आणि गावाचा आवाजच काढून घेतात. भाजीवाला अकराच्या आत गाडी वळवतो, लक्ष्मी ताल या तलावाकडच्या रस्त्यावर कुत्रीसुद्धा भुंकायच्या भानगडीत पडत नाहीत, आणि घराघरांतून कूलरची घरघर सुरू होते. ती एवढी मोठी असते की तिच्यावर आवाज चढवण्यापेक्षा माणूस गप्प बसणं पसंत करतो. यंदा काल नवतपा लागला. तुळशीवर जुनी साडी बांधून झाली, नवा माठ आला, बाहेर पडताना खिशात कांदा ठेवायची आठवण एकमेकांना देऊन झाली.

मला या शांततेचा राग येतो. खरं सांगायचं तर भीती वाटते. तीन वर्षांपूर्वीच्या नवतप्यात आमच्या घरात तीन माणसं होती. त्यांतली दोघं एकेक गोष्ट लपवून बसली होती आणि तिसरी, म्हणजे मी, आवाजावर संशोधन करत होते. त्या दोघांचंही मला काही ऐकू आलं नाही. आईचं जगणं-मरणं त्या न ऐकण्यावर टांगलं गेलं.

माझं संशोधन काय होतं ते सांगते, ऐकायला वाटतं तेवढं अवघड नाही. हाक मारली की ती चहूकडे जाते. जिला मारली तिच्याकडे जाते, शेजाऱ्याकडे जाते, भिंतीवर आपटून आपल्याकडेही परत येते. या आवाजाला वळण लावायचं, हवं तिकडेच न्यायचं, हे आमचं काम. त्यासाठी पोलादाच्या आखूड सळ्या सहा-सहाच्या गटांत उभ्या करायच्या. निम्म्या भागात सहाही सळ्या एकमेकींच्या जवळ, उरलेल्या निम्म्यात जरा फाकून. एका ठरावीक पट्टीचा स्वर या भागात शिरू शकत नाही आणि त्याही भागात शिरू शकत नाही. पण दोन्ही भाग जिथे एकमेकांना भेटतात त्या सीमेवरून तो चालत जातो. सीमा वळली की तोही वळतो, आपटून मागे येत नाही. याला टोपोलॉजिकल पदार्थ म्हणतात. त्याची खरी ख्याती पुढेच आहे. वाटेवर एखादी सळई सदोष निघाली, एखादी नसलीच, तरी आवाज तिला ओलांडून जातो आणि पलीकडे असा बाहेर पडतो की जणू काही घडलंच नाही. दोष असून नसल्यासारखा. मला हे इतकं सुंदर वाटायचं की ऐन उमेदीची पाच वर्षं मी त्यावर घातली.

आई फोनवर विचारायची, "म्हणजे नक्की काय गं करतेस?" मी म्हणायचे, आवाजाचा बोगदा, पण भिंती नसलेला. ती म्हणायची, "बरं. जेवलीस का?"

बाबांचं काम बरोबर याच्या उलट होतं. आजोबा भुसावळहून बदलीवर झाशीला आले आणि इथलेच झाले. बाबाही रेल्वेत लागले ते डब्यांची चाकं तपासायच्या कामावर. लांब दांड्याची हातोडी घेऊन उभ्या गाडीच्या कडेने चालायचं, प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचा आणि ऐकायचं. धड चाक टण्ण म्हणतं आणि थोडा वेळ वाजत राहतं. तडा गेलेलं चाक ठप्प म्हणतं आणि गप्प होतं. आयुष्यभर त्यांनी हेच ऐकलं. सवय घरातही जाईना. माठ, कलिंगड, कढई, टिचकी मारल्याशिवाय काही उंबरठा ओलांडायचं नाही. दहावीला मी शाळेत पहिली आले तेव्हा त्यांनी माझ्याही कपाळावर टिचकी मारली आणि म्हणाले, "टण्ण आहे पोरगी!" मी आवाजाच्या नादी लागले ती त्यांच्यामुळेच. त्यांना वाटायचं, त्यांची बिट्टी, म्हणजे मी, आपलंच काम पुढे नेतेय, फक्त कॉम्प्युटरवर.

त्या वर्षी माझ्या प्रबंधाची शेवटची मुदत जुलैअखेर होती आणि शेवटचा प्रयोग व्हायचा होता. दक्षिणेत मी जिथे शिकत होते तिथलं वर्कशॉप दुरुस्तीसाठी बंद पडलं. मी फोनवर रडकुंडीला आले तेव्हा बाबा म्हणाले, "इकडे ये. आपला खरादवाला केसाचा फरक पडू देणार नाही." खराद म्हणजे लेथ. झाशीत मराठी घरांतही तो खरादच. तर मी लॅपटॉप, एक छोटा स्पीकर आणि एक नाजूक मायक्रोफोन घेऊन ऐन लूच्या, उन्हाच्या झळांच्या दिवसांत घरी आले. स्टेशनवर फक्त बाबा आले होते. आई का नाही आली, विचारलं. "उन्हाचं म्हटलं कशाला," ते म्हणाले. एरवी जानेवारीच्या थंडीत पहाटे चारच्या गाडीला येणारी माझी आई. मला ते पटलंही.

पूरन मिस्त्रींच्या खरादावर सळ्या कापायला दिल्या. ते बुंदेलीत म्हणाले, "काए बिट्टी, इत्ती सरियां काए खों? पिंजरा बनवा रईं का?" बाबा छाती फुगवून म्हणाले, "आवाज़ का पिंजरा है, मिस्त्री जी!" सळ्या लागणार होत्या बरोबर चारशे वीस. त्यावरून बाबांनी मला आठवडाभर छळलं. "हमारी बिटिया चार सौ बीस निकली," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

सळ्या आल्या आणि बाबांनी वरच्या खोलीत बैठक मारली. एकेक सळई दोऱ्याने टांगायची, छोट्या हातोडीने ठोकायची, कान कलता करायचा. दोन दिवस हे चाललं. शेवटी म्हणाले, "सगळ्या धड. मिस्त्रीचं काम चोख आहे." मला काही कमी हौस नाही, मीही त्यांचीच मुलगी. मी सहज काही ठोकून पाहिल्या. तीन सळ्या ठप्प वाजल्या. अगदी कुणालाही कळेल इतक्या.

"बाबा, या तीन खराब आहेत."

"कुठल्या? दाखव." त्यांनी पुन्हा ठोकल्या. एकदा, दोनदा. चेहरा उतरला. मग एकदम ओरडले, "मग काढून टाक! सांगत काय बसलीस?"

मी म्हटलं, काढायच्या कशाला, मी तर त्या मुद्दाम वाटेवरच लावणार. हेच तर दाखवायचंय, दोष असला तरी आवाज जातो. पलीकडे ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हे मी मोठ्या कौतुकाने सांगत होते. बाबांनी हातोडी खाली ठेवली.

"यात कौतुक कसलं?" ते म्हणाले. "तडा असेल तर वाजायला हवं, बिट्टी. जे चाक बोलत नाही त्याचीच भीती. बोलणाऱ्या चाकाला आम्ही बाजूला काढायचो, गाडी वाचायची. तू असलं लोखंड करतेस की जे दोष गिळून टाकतं?"

मी चिडले. तुम्हाला विज्ञान कळत नाही, असंही बोलून गेले. माणूस वय झालं की निष्काळजी होतो आणि वर आपल्यालाच धडे देतो, असं मनात म्हटलं आणि तीन सदोष सळ्या निगुतीने बरोबर सीमेच्या कडेला बसवल्या.

प्रयोग पहाटे पाच ते सात एवढाच करता यायचा. ऊन चढलं की हवा तापते आणि तापल्या हवेत आवाज जास्त वेगाने धावतो. नवतप्यात झाशीत पळायला जोर येतो तो फक्त त्यालाच. त्यामुळे पहाटे जुळवलेली पट्टी आठ वाजता सरकलेली असायची. चौथ्या दिवशी सगळं जुळलं. पडद्यावर रेघ उंच चढली. आवाज तिन्ही खराब सळ्या ओलांडून, दोन वळणं घेऊन, पलीकडच्या फटीतून जसाच्या तसा बाहेर पडत होता. मी आनंदाने बाबांना बोलावलं. भांडण विसरून ते आले, गुडघे टेकून बसले, त्या फटीला कान लावला. मी कानांवर जाड हेडफोन चढवले, कारण स्वर फार कर्कश, उंच शिट्टीसारखा होता. सुरू केलं.

बाबा कान लावून बसले होते. चेहऱ्यावर उत्सुकता, ओठांवर हसू. अर्धं मिनिट गेलं. मग त्यांनी मान वळवून मला हाताने खूण केली. मी एक हेडफोन बाजूला केला, तशी शिट्टी कानात सुईसारखी घुसली.

"सुरू कर की," बाबा म्हणाले.

मी आवाज वाढवला. ते तसेच बसून होते, वाट पाहत.

तेवढ्यात दारात आई दिसली. खालून तिने किती हाका मारल्या होत्या देव जाणे. बाबांना ऐकू आल्या नाहीत, माझ्या कानांवर हेडफोन. म्हणून ती सतरा पायऱ्या चढून आली होती. चौकट धरून उभी राहिली. मी शिट्टी थांबवली. थोड्या वेळाने म्हणाली, "पुरे करा रे ते. शेजारच्या शुक्लाइन विचारायला आल्यात, कुणाचा गळा आवळताय का म्हणून." मग तिने बाबांकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. पटकन म्हणाली, "अगं, गंमत करतायत ते तुझी."

बाबा उठले, गुडघे झटकले. "छान आहे," म्हणाले. "छान वाजतंय." आणि जिना उतरून गेले.

नंतर स्वयंपाकघरात मी आईला गाठलं. ती पाटावर बसून भाजी निवडत होती. मी विचारलं, केव्हापासून? ती म्हणाली, रिटायर झाल्यावर हळूहळू कमी होत गेलं, आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग दाराची बेल. "तुला कळलंय हे दाखवू नकोस हो. कान हीच त्यांची कमाई. मी आहे ना, कोण काय म्हणालं ते मी हळूच सांगते त्यांना. तू तुझं काम उरक. प्रबंध होऊ दे, मग बघू सगळं."

त्या "सगळं"मध्ये आणखी काय होतं हे मी विचारलं नाही. एक लपवलेली गोष्ट हाती लागली की माणूस दुसरी शोधत नाही, मीही शोधली नाही. आता बसून सगळं आठवते आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. वर्षभर आईचा फोन शेवटच्या घंटीपर्यंत वाजायचा. कधी उचललाच जायचा नाही आणि पाच मिनिटांनी तिचाच यायचा, आवाज अगदी स्वच्छ, निवांत. ती श्वास खाली बसेपर्यंत थांबत होती. पिठाचा डबा वरच्या फळीवरून जमिनीवर आला होता. शुक्रवारची आरती ती म्हणत नव्हती, नुसत्या टाळ्या वाजवत होती. तिच्या अंथरुणावर एका उशीच्या तीन झाल्या होत्या, कारण सपाट झोपलं की तिचा दम कोंडायचा. बाबांना वाटलं, मान दुखत असेल. मी त्या उशांचे अभ्रे स्वतः बदलले होते! केसाएवढा फरक टिपणारी यंत्रं घेऊन मी त्या घरात वावरत होते आणि मला हे दिसलं नाही, ऐकू आलं नाही. कसली मी आवाजाची अभ्यासक.

नवतप्याचा सातवा दिवस शुक्रवारी आला. आईचं माहेर इथलंच, फार जुनं, तिचे पूर्वज देशावरून पूजाअर्चेसाठी झाशीला आलेले. त्यामुळे दर शुक्रवारी लक्ष्मी तालाजवळच्या महालक्ष्मीला जायचं हा तिचा नेम कधी मोडला नव्हता. दोघं सकाळी सहाला निघाले. मी वर सळ्यांत डोकं घालून बसले होते, "जाऊन येतो गं" एवढं ऐकल्याचं आठवतं. परतताना बाबा नारळाची पिशवी घेऊन दोन पावलं पुढे चालत होते, नेहमीसारखे. मागे आईला चक्कर आली. तिने हाक मारली, "अहो." मग पुन्हा मारली. तीनदा मारली असं ती नंतर म्हणाली, तिसरी जरा मोठ्याने. बाबा चालत राहिले. वळणापर्यंत गेले. फुलं विकणारी बाई धावत गेली आणि त्यांची बाही ओढून म्हणाली, "बाबूजी, पीछे देखिए, माताजी गिर गईं!"

निरोप मिळून मी पोचले तेव्हा लोकांनी आईला जवळच्या एका दवाखान्यात आणलं होतं. ओठ निळे, छातीत घरघर, बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग विचारलं, "बचपन में जोड़ों का बुखार हुआ था इनको?" सांध्यांचा ताप. झाला होता. समथरला मामाकडे असताना, आठ-नऊ वर्षांची असताना. आम्हाला ती गोष्ट म्हणून सांगायची, मामाने कशी उचलून बैलगाडीत घातली ते. त्या तापाने तेव्हाच हृदयाची एक झडप धरली होती आणि इतकी वर्षं ती हळूहळू आवळत आली होती. डॉक्टर म्हणाले, रक्त अरुंद वाटेतून घासत जातंय, फुप्फुसात पाणी भरलंय, आजच्या आज ग्वाल्हेरला न्या. मग स्टेथोस्कोप गुंडाळत सहज म्हणाले, "आवाज़ तो बिलकुल साफ़ है. घर में किसी को कुछ पता नहीं चला?"

बाबा माझ्याकडे पाहत होते, ते काय म्हणाले हे कळावं म्हणून. मी काही सांगितलं नाही.

झाशी ते ग्वाल्हेर रस्ता काही फार नाही. त्या दिवशी तो संपेना. बाहेर लू, आत ऑक्सिजनचा फुसफुसाट, वर सायरन. पुढे ट्रॅक्टर, ट्रक, एक वरात. सायरन चहूकडे जात होता, शेतात जात होता, आभाळात जात होता, ज्याच्या कानात जायला हवा त्या ट्रकवाल्याच्या कानात तेवढा जात नव्हता. मी खिडकीवर मुठी आपटत होते, शिव्या देत होते, अशा की आईने शुद्धीत ऐकल्या असत्या तर उठून बसली असती. आवाजाला दिशा देण्यावर मी दोनशे पानं लिहून ठेवली होती. दतियाच्या पुढे आईने डोळे फिरवले तेव्हा मला त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मी फक्त "आई, आई" करत होते आणि बाबा तिचे पाय चोळत होते.

ग्वाल्हेरच्या मोठ्या डॉक्टरांनी तीन दिवस पाणी काढण्यात घालवले, मग आम्हाला समोर बसवलं. झडप बदलावी लागेल. उशीर झालाय, धोका आहे, पण न करण्यात त्याहून जास्त आहे. झडपा दोन प्रकारच्या. धातूची बसवली तर टिकते, पण जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी. दुसरी बसवली तर गोळीची कटकट कमी, पण काही वर्षांनी पुन्हा ऑपरेशन. डॉक्टर बाबांकडे पाहून बोलत होते, घरातला कर्ता म्हणून. बाबा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. "जी. जी, डॉक्टर साहब. जी."

"तो फिर कौन सी लगाएँ?" डॉक्टरांनी विचारलं.

"जी," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा हसले, ऐकू न येणारी माणसं हसतात तसं, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. आई असती तर तिने कोपराने ढोसून हळूच सांगितलं असतं. आई आत होती, नळ्या लावून. मी इतके दिवस दातांखाली धरून ठेवलेलं वाक्य बोलून टाकलं.

"बाबा को सुनाई नहीं देता, डॉक्टर साहब. मुझसे कहिए."

हे मी बाबांकडे तोंड करून बोलले होते, माझे ओठ त्यांना दिसत होते. एवढं मात्र त्यांना बरोबर कळलं. त्यांनी मान खाली घातली आणि पायजम्याची नाडी चाचपत बसले. मला त्यांची दया आली आणि रागही तेवढाच आला. त्या क्षणी मला दोघांचाही संताप आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "बाजूलाच झोपायचो गं मी तिच्या. हाताच्या अंतरावर. सगळ्या जगाची चाकं ऐकली."  छातीवर मूठ आपटत राहिले, माणसं पाहत होती तरी. मी त्यांचा हात धरला नाही, मला तेवढा धीर नव्हता.

ऑपरेशनच्या सकाळी वेळ जाईना म्हणून मी लॅपटॉप उघडला. प्रयोगाच्या मूळ ध्वनिफिती त्यात होत्या. मोजमापात मी नेहमी माझ्या शिट्टीच्या पट्टीतलं तेवढं ठेवायचे, बाकी सगळं गाळून टाकायचे, पंख्याचा आवाज, गाड्या, बोलणं. त्याला आम्ही नुसता गोंगाट म्हणतो. त्या चौथ्या दिवसाची फीत मी पहिल्यांदा न गाळता ऐकली. शिट्टी बंद झाल्यावर, आई बोलायच्या आधी, तिथे अठरा-वीस सेकंदांची जागा होती. त्या जागेत श्वास होते. आखूड, घासत आत जाणारे, मध्ये बारीक बुडबुड. दहा-बारा श्वास घेतल्यावर मग तिचा तो स्वच्छ, निवांत आवाज, "पुरे करा रे ते." मायक्रोफोनने सगळं टिपलं होतं. वाजलं होतं. मीच ते गाळलं होतं. मी हेडफोन काढले, ते बाबांच्या कानांवर लावावेत असं एकदा मनात आलं. लावले नाहीत. त्या वऱ्हांड्यात मी देवाला, डॉक्टरांना, कुणालाही, प्रबंध घ्या, पाच वर्षं घ्या, डोळे घ्या म्हणत होते. देवाने हिशेब केला की नाही ठाऊक नाही, पण दुपारी दार उघडलं आणि डॉक्टर म्हणाले, झालंय, आता बहात्तर तास.

त्यानंतर ती वाचली. एका वाक्यात लिहिण्यासारखं ते नव्हतं, पण त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, झडप धातूची आहे, उघडताना-मिटताना टिक-टिक वाजेल. शांत खोलीत शेजारी बसलेल्यालाही ऐकू येईल. घाबरू नका, वाजतंय म्हणजे ठीक चाललंय. खरंच वाजायची. आईला सुरुवातीला लाज वाटायची, बायका आल्या की पदर छातीवर दाबून धरायची. मी मात्र तासन्‌तास ऐकत बसायचे. बारीक, कोरडी, उंच टिक-टिक.

उंच. माणसाचे कान जातात तेव्हा आधी उंच आवाज जातात. घरात सगळ्यांना ऐकू येणारा तो एकच आवाज बाबांना ऐकू येत नाही. त्यांना कानाचं यंत्र घेऊन दिलं, त्यातून कूलर ऐकू येतो, कुकर येतो, टिक-टिक येत नाही. मी प्रबंध सहा महिने उशिरा दिला आणि झाशीतच कॉलेजात शिकवायला लागले, आणि तेव्हापासून बाबांचा नेम आहे. सकाळी एकदा, दुपारी एकदा, आई झोपलेली असली की खोलीच्या दारात येतात आणि मला विचारतात, "वाजतंय ना?" मी म्हणते, "हो, बाबा." मग ते जातात. माझ्या तोंडून ते ऐकल्याशिवाय त्यांना घास जात नाही.

नवतपा आईसाठी आणि तिच्या झडपेसाठी सगळ्यात वाईट. घाम जातो, पाणी कमी पडतं, रक्त दाट होतं, आणि धातूच्या झडपेवर गुठळी धरली तर ती टिक-टिक दबते, मग कुठला दवाखाना नि कुठलं ग्वाल्हेर. रक्ताची तपासणी या आठवड्यात व्हायची होती. आई म्हणते, ऊन उतरू दे, मग बघू. हे "मग बघू" मी तीन वर्षांपूर्वीही ऐकलं होतं.

आज दुपारी मी तिच्या पलंगाशेजारी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. बाबा दारात आले.

"वाजतंय ना?"

"हो, बाबा," मी म्हटलं. मानही डोलावली, पेपरावरची नजर न काढता.

ते गेले. मी आणखी दोन पेपर तपासले आणि माझा हात थांबला. कूलर माझ्या कानाशी गरजत होता. त्या गरजण्यात मला पेनाची टोपी पडलेली ऐकू आली नसती. एप्रिलपासून तो कूलर दिवसभर चालू आहे. एप्रिलपासून, दिवसातून दोनदा, मी काहीही न ऐकता "हो, बाबा" म्हणत होते. स्वच्छ, निवांत आवाजात.

मी उठले आणि कूलर बंद केला. पंखाही बंद केला. उकाडा भिंतींतून आत आला. आईची पाठ मला दिसत होती, हलतेय की नाही ते कळत नव्हतं. हवा थांबल्याचं बाबांना कळलं असावं, तेही परत येऊन दारात उभे राहिले.

आईने डोळे उघडले. "लाइट गेली का गं?"

"नाही. मी बंद केला. मला ऐकायचं होतं."

 ती हळूहळू भिंतीकडे सरकली, तिने मला जागा करून दिली आणि म्हणाली, "मग इतक्या लांबून काय ऐकतेस? ये."

मी तिच्या पाठीला कान लावला. घामाने ओलं पोलकं, त्याखाली तापलेली कातडी.

"वाजतंय?" बाबांनी विचारलं.

मी हात वर करून त्यांना थांबवलं. आधी मला ऐकू दे.